हापूसमधला साका आणि पेशीतली विकरं : आंबा पिकतो म्हणजे आत नेमकं काय होतं?

देवगडकरीण

परवा पुण्याच्या एका गिऱ्हाइकाने फोटो पाठवला. आमच्याच पेटीतला आंबा, वरून पिवळाधमक, डाग नाही, सुरकुती नाही. कापल्यावर मात्र कोयीला लागून पांढरट, स्पंजासारखा भाग. खाली एकच ओळ होती, "कार्बाइड घातलंत ना?" बाबा दोन दिवस जेवताना कुणाशी बोलले नाहीत. आमच्या मांगरात आजही पेंढ्यात आढी लागते, फळं झटपट पिकवणाऱ्या कार्बाइडची पुडी घरात कधी आलेली नाही. तो साका होता. बागायतदाराला तो ओळखू येतो, पण गिऱ्हाइकाला कसा समजावायचा?

त्याच संध्याकाळी मुलाचा अकरावीचा जैवरेणूंचा धडा घेत होते. पेशीतल्या रेणूंची चार घराणी: कर्बोदकं, प्रथिनं, मेद आणि न्यूक्लिक आम्लं. मग विकरं, म्हणजे एन्झाइम, आणि ते कुलूप-किल्लीचं चित्र, म्हणजे प्रत्येक विकरात नेमका त्याच्याच मापाचा रेणू बसतो. मी सांगितलं की कैरीतल्या स्टार्चची साखर विकरं करतात, म्हणून आंबा गोड होतो. त्याने लगेच विचारलं, "आई, मग साक्याच्या जागी विकरं नसतात का?"

माझं बी.एस्सी. होऊन बरीच वर्षं झाली, त्याला उत्तर देता आलं नाही. इथे बागायतदारही आहेत आणि विज्ञानातले जाणकारही. नीट समजावून सांगाल का?

खाडीकाठ

आमची आजी म्हणायची, "आंब्याला खालून झळ लागली." वरचं ऊन नव्हे, खालची झळ. कातळावरच्या बागेत साका जास्त निघतो, हे तिचं ठाम मत होतं. विज्ञानाचं मला ठाऊक नाही.

पडवीतला

विकर म्हणजे विरजणासारखंच ना? थोडं घातलं की सगळ्या दुधाचं दही.

निवृत्त_मास्तर

@पडवीतला, ही गल्लत मोठमोठ्यांची झाली आहे, म्हणून सविस्तर लिहितो. विरजणात जिवंत जिवाणू असतात. ते दुधातली साखर खातात, वाढतात आणि लॅक्टिक आम्ल सोडतात. विकर जिवंत नसतं, तो एक रेणू आहे. जिवाणूच्या पेशीत हे काम करणारी हत्यारं म्हणजे विकरं.

आंबवण्याच्या क्रियेला जिवंत पेशी हवीच, असं पाश्चरसारख्या माणसाचंही मत होतं. १८९७ साली एदुआर्ट बुखनरने यीस्ट वाळूबरोबर खलात घोटलं, पिळून रस काढला आणि त्यात साखर घातली. त्या रसात एकही जिवंत पेशी नव्हती, तरी बुडबुडे आले आणि मद्य तयार झालं. त्याबद्दल त्याला १९०७ चं नोबेल मिळालं.

तरी हा पदार्थ आहे तरी काय, यावर वाद चालूच राहिला. १९२६ मध्ये जेम्स सम्नरने युरिएज या विकराचे स्फटिक मिळवले आणि ते प्रथिन असल्याचं दाखवलं. त्याने ते कशातून काढलं? जॅक बीनमधून! आपल्या परसात मांडवावर चढणाऱ्या अबईची ही सख्खी चुलत बहीण. वर्गात हे सांगितलं की अबईची भाजी न खाणारी मुलंही कान टवकारायची. सम्नरला नोबेल मिळायला मात्र १९४६ उजाडलं.

एक शब्दाबद्दल. जुन्या पुस्तकांत 'वितंचक' असा शब्द आहे. आमच्या पिढीने तोही शिकवला. 'विकर' सुटसुटीत आहे, तोच चालू द्या.

रसायनवाला

मूळ प्रश्नाकडे येतो. लांबेल, पण आंबाच घेऊन बोलू.

झाडावरून काढलेला चौदा आणे तयार, म्हणजे पुरा पक्व व्हायला थोडाच बाकी असलेला आंबा कडक, आंबट आणि पिठूळ असतो. त्याच्या पेशी स्टार्चच्या कणांनी भरलेल्या असतात. स्टार्च म्हणजे ग्लुकोजचे मणी ओवलेली लांबलचक माळ. मणी गोड, पण माळेत ओवलेले असताना जिभेला ते कळत नाहीत.

आढीत आंबा इथिलीन नावाचा वायू सोडू लागतो. पेंढा तो वायू आणि ऊब दोन्ही धरून ठेवतो. हा वायू पेशीला मिळालेला निरोप आहे. निरोप मिळाला की डीएनएतली ठराविक पानं उघडतात, त्यांची आरएनएवर नक्कल उतरते, ती रायबोसोमकडे जाते आणि तिथे अमिनो आम्लं एकापुढे एक जोडून नवी विकरं तयार होतात. चारही घराणी या एका फळात कामाला लागलेली असतात. न्यूक्लिक आम्लात मजकूर, प्रथिनांची विकरं, समोर कर्बोदकांचा ढीग, आणि भोवती मेदाचं पातळ पटल, ज्याने पेशी पेशी म्हणून वेगळी राहते.

मग अमायलेज स्टार्चची माळ तोडतं. पेक्टिनवर काम करणारी विकरं पेशींमधला चिकट गिलावा सैल करतात, म्हणून आंबा मऊ होतो. हिरवा रंग मोडला जातो, केशरी कॅरोटिन तयार होतं, सायट्रिक आम्ल कमी होतं. प्रत्येक कामाला वेगळं विकर. एकाने दुसऱ्याचं काम करायचं नाही.

विकर नेमकं करतं काय? कोकण रेल्वेचा करबुड्याचा बोगदा डोळ्यांसमोर आणा, साडेसहा किलोमीटरचा. बोगद्याने अलीकडचं आणि पलीकडचं गाव वर-खाली केलं नाही. डोंगर चढायचे कष्ट तेवढे वाचवले. रासायनिक क्रियेतही मधे असा एक डोंगर असतो. विकर त्याची चढण कमी करतं. सुरुवातीच्या आणि शेवटच्या रेणूंच्या ऊर्जेत तसूभर फरक पडत नाही. न होणारी क्रिया विकर घडवून आणत नाही. होऊ शकणारी, पण रखडलेली क्रिया वेगाने करतं. आणि स्वतः खर्ची पडत नाही, पुढच्या गिऱ्हाइकाला मोकळं.

वेग किती वाढतो याचं एक उदाहरण मला फार आवडतं. डीएनए-आरएनएचे घटक बनवताना पेशीत एक पायरी अशी आहे की विकराशिवाय, नुसत्या पाण्यात, तिच्यातले अर्धे रेणू बदलायला सुमारे ७.८ कोटी वर्षं लागतील. विकर ते काम सेकंदाच्या आत करतं.

सुगरण_मालवणची

@रसायनवाला, "एकाने दुसऱ्याचं काम करायचं नाही" हे मी स्वयंपाकघरात शिकले. लेकीच्या वाढदिवसाला जिलेटिन घालून ताज्या अननसाचं पुडिंग केलं. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं, सकाळी पाणीच पाणी. पाहुणे दारात! दुसऱ्या वेळी चायना ग्रास वापरलं, तर तोच अननस घालूनही वडी कापता आली. तेव्हा वाटलं जिलेटिन जुनं असेल.

रसायनवाला

@सुगरण, जिलेटिन ताजंच असणार. जिलेटिन प्रथिन आहे आणि अननसातलं ब्रोमेलेन प्रथिनं तोडतं. चायना ग्रास समुद्री शैवालातून येतं, ते कर्बोदक. ब्रोमेलेनला त्यात धरायला जागाच नाही. अननस आधी उकळून घेतलात तर जिलेटिनही बसेल, कारण उष्णतेने विकराची घडी विस्कटते आणि घडी गेली की काम गेलं. ताजा अननस खाऊन जीभ चुरचुरते, त्यातही या ब्रोमेलेनचा हात असतो. मटणाला कच्ची पपई लावतात ती पपेनसाठी, तेही प्रथिनं तोडणारं विकर. जास्त वेळ ठेवली की मटणाचा लगदा होतो, हे सगळ्यांनी अनुभवलं असेल.

निवृत्त_मास्तर

कुलूप-किल्लीबद्दल एक भर. ती उपमा एमिल फिशरची, १८९४ ची. मुलांना सोपी जाते, पण कुलूप लोखंडाचं असतं, हलत नाही. १९५८ मध्ये डॅनियल कोशलँडने म्हटलं की रेणू आत येतो तसं विकरही आपला आकार बदलून त्याला बिलगतं. मी मुलांना भाताच्या पोत्याचं उदाहरण द्यायचो. खांद्यावर घेतलं की पोतंही थोडं वाकतं, खांदाही थोडा झुकतो, मग ते नीट बसतं. त्या वाकण्यातच रेणूमधला बंध ताणला जातो आणि तुटायला सोपा होतो.

हिरवाई

म्हणूनच मी सांगत असते, अन्न शिजवू नका. शिजवलं की विकरं मरतात आणि मग पचनाचा सगळा भार शरीरावर येतो. मी दीड वर्ष सकाळी फक्त कच्चं खाते आहे, खूप हलकं वाटतं.

तालुक्याचा_डॉक्टर

@हिरवाई, फळं आणि कोशिंबिरी भरपूर खा, त्यात तंतू आहेत, जीवनसत्त्वं आहेत. हलकं वाटत असेल तर चांगलंच आहे. कारण मात्र ते नाही. भाजीतली विकरं ही त्या भाजीची प्रथिनं. ती आपल्या जठरात गेली की आम्ल आणि पेप्सिन हे जठरातलं विकर त्यांचेही बहुतेक तुकडे करतात, डाळीच्या प्रथिनांचे करतात तसेच. आपल्याला लागणारी विकरं आपल्याच पेशी बनवतात. उलट शिजवल्याने स्टार्चचे कण फुगून उघडतात आणि आपलं अमायलेज त्यांवर सहज काम करतं. पेज लवकर पचते ती याच कारणाने.

अपवाद आहेत. दूध न पचणाऱ्यांना लॅक्टेजच्या, म्हणजे दुधातली साखर तोडणाऱ्या विकराच्या गोळ्या उपयोगी पडतात, कारण ते काम आतड्याच्या पोकळीतच उरकायचं असतं.

हिरवाई

पेजेचं पटलं. पण नाचणीला मोड आणून सत्त्व करतो, तिथे विकरं उपयोगी पडतातच ना?

तालुक्याचा_डॉक्टर

पडतात, आणि हा मुद्दा तुमचा बरोबर आहे. मोड येताना दाण्यात अमायलेज तयार होतं, ते तिथेच स्टार्च तोडू लागतं. म्हणून मोडाच्या नाचणीची लापशी पातळ राहते आणि बाळाला एका वाटीत जास्त पीठ देता येतं. म्हणजे विकराने आपलं काम पोटात जायच्या आधीच केलं. गंमत म्हणजे शास्त्रज्ञांनी वेगळं काढलेलं पहिलं विकर हेच, मोड आलेल्या सातूतलं डायास्टेज, १८३३ साली.

आगळ_आणि_तिरफळ

माका ह्या विकरांतला काय कळाक नाय, पण एक इचारतंय. शिमग्यात बांगडे हाडलेले, बाजारात उन्हात पडलेले होते. तिखला केलंय, तिरफळां, आगळ सगळा घातलंय, चांगला उकळलंय. खाल्ल्यार अर्ध्या तासात घोवाचा तोंड लाल, अंगार खाज, डोक्याक ठणका. तेच्या आदी कधी झाला नाय, मगे परत बांगडे खाल्ल्यान तरी काय नाय. असा कित्याक झाला?

तालुक्याचा_डॉक्टर

ताई, धाग्याच्या विषयातलाच प्रश्न विचारलात. बांगडा, तारली, कुपा या माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा बर्फाविना राहिला की जिवाणू वाढतात आणि त्यांचं एक विकर हिस्टिडीनचं हिस्टामिन करतं. त्याच हिस्टामिनने तोंड लाल होतं, खाज येते. उकळल्याने जिवाणू मरतात, विकरही मोडतं, पण आधीच तयार झालेलं हिस्टामिन उष्णतेला दाद देत नाही. कितीही उकळा, ते तसंच राहतं. ही माशाची खरी ॲलर्जी नाही, म्हणून पुढच्या ताज्या बांगड्याने काही झालं नाही. मासा होडीतून उतरल्यापासून बर्फात हवा, एवढाच उपाय. असं परत झालं आणि श्वास लागला किंवा चक्कर आली, तर घरी थांबू नका.

विकरांचं बोलतोच आहोत तर आणखी एक सांगतो, कारण पावसाळा तोंडावर आहे. आपल्या कातळावरचा विषारी साप, फुरसं. त्याच्या विषात एक विकर आहे, एकॅरिन. फुरशाचं शास्त्रीय नाव एकिस कॅरिनेटस, त्यावरून हे नाव पडलं. आपल्या रक्तात प्रोथ्रॉम्बिन असतं, जखम झाली की शरीर बेताने ते चालू करून रक्त गोठवतं. एकॅरिन कुणाला न विचारता ते चालू करत सुटतं. गोठवायचा सगळा साठा भलतीकडे संपतो आणि मग हिरड्यांतून, लघवीतून रक्त येत राहतं. आम्ही काचेच्या कोरड्या नळीत थोडं रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतो. गोठलं नाही तर प्रतिविष लगेच सुरू. प्रतिविषातली प्रतिपिंडं विषाच्या रेणूंना धरून निकामी करतात. मुंबईची हाफकिन संस्था हे प्रतिविष कित्येक दशकं बनवत आली आहे.

विंचवाचं वेगळं. त्याचं विष मुख्यतः छोट्या पेप्टाइडांचं, ते मज्जातंतूंच्या पटलातल्या, क्षारांचे कण आत-बाहेर सोडणाऱ्या वाहिन्यांवर बसतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून कित्येकांचे प्राण वाचवले. डंख लहान दिसतो म्हणून देवळात बसून राहू नका, दोन्हींत वेळ मोलाचा असतो.

आगळ_आणि_तिरफळ

डॉक्टरानू, आता समाजला. घोव म्हणा होतो माझ्या हाताक दोष. तेका वाचून दाखवतंय.

लाटांवर

विकरांचा उजेड राहिला! मेअखेरीस घाटात काजवे बघून आलो. पोटातलं ल्युसिफेरिन, ऑक्सिजन आणि पेशीचं चलन असलेलं एटीपी, हे तिन्ही ल्युसिफेरेज नावाच्या विकरावर एकत्र आले की प्रकाश पडतो, आणि हात पोळत नाही. हे एटीपी स्नायूंमधून वेगळं काढणाऱ्यांत आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव होते, १९२९ साली. आंध्रातून गेलेला माणूस.

आरे-वारेच्या किनाऱ्यावर एका अमावास्येला लाटा निळ्या चमकताना पाहिल्या. तेही ल्युसिफेरेजच का?

रसायनवाला

@लाटांवर, नाव तेच, रेणू वेगळे. समुद्रातल्या त्या एकपेशीय जीवांचं ल्युसिफेरिन काजव्यापेक्षा निराळं, आणि तिथे एटीपी लागत नाही. लाट आपटली की पेशीत आम्लता बदलते आणि विकर जागं होतं. म्हणून पाण्यात पाय मारला की तिथेच उजेड होतो.

पडवीतला

आंबा राहिला बाजूला, आपण घाट चढून समुद्रात उतरलो. साक्याचं काय?

रसायनवाला

बरोबर. @देवगडकरीण, मुलाला घरीच एक प्रयोग करू द्या. औषधाच्या दुकानातलं टिंक्चर आयोडीन आणा, पाण्यात पातळ करा. साका असलेला आंबा कापा. एक थेंब पिकलेल्या गरावर, एक साक्यावर, एक कैरीच्या फोडीवर. स्टार्चच्या मळसूत्री गुंडाळीत आयोडीन अडकलं की निळा-काळा रंग येतो. पहिल्या थेंबांचा रंग उडून गेला तर घाबरू नका, आंब्यातलं क जीवनसत्त्व ते खातं. आणखी दोन थेंब टाका.

कलमवाला

उशिरा आलो. तीस वर्षं कलमांत आहे, म्हणून लिहितो. @खाडीकाठ यांच्या आजी बरोबर होत्या. जमिनीतून परतणारी उष्णता हे साक्याचं एक मोठं कारण धरतात. झाडाखाली सुक्या गवताचं आच्छादन असेल तर साका कमी निघतो. फळ झाडावर पुरं पक्व होऊ दिलं तर साका वाढतो, म्हणून चौदा आण्यांना काढायचं. काढणी सकाळी उन्हं चढायच्या आत, देठासकट, झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने. काढलेला आंबा उन्हात आणि तापलेल्या कातळावर ठेवायचा नाही. हे शेवटचं माणसं घाईत विसरतात.

कार्बाइडच्या आरोपाचं म्हणाल तर त्यावर कायद्याने बंदी आहेच. त्यातून ॲसिटिलीन निघतं, ते इथिलीनची नक्कल करतं. नुसता इथिलीन वायू मात्र दहा लाखांत १०० भागांपर्यंत चालतो. साका त्याच्याही आधीचा, तो झाडावरच बसलेला असतो. गिऱ्हाइकाला हेच सांगा.

देवगडकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रयोग केला, सविस्तर लिहिते.

काल दोन आंब्यांत साका निघाला. ताटलीत तीन फोडी मांडल्या. कैरी क्षणात काळी पडली. पिकलेल्या गरावर आयोडीनचा तपकिरी डागच राहिला. साक्यावर पहिले थेंब खरंच विरले, मग निळ्या-काळ्या ठिपक्यांची नक्षी उठली, अगदी पांढऱ्या भागाच्या कडेपर्यंत. शेजारच्या केशरी गरात एक ठिपका नाही. एकाच फळात बोटभर अंतरावर कैरी आणि आंबा.

मुलाने पुढचा प्रश्न काढला. इथला स्टार्चच असा आहे का की तो तुटतच नाही, की तोडणारं कुणी आलं नाही? मग त्यानेच मार्ग काढला. साका चमचाभर पाण्यात शिजवला आणि आंबटपणा मारायला सोड्याची चिमूट घातली, कारण आपल्या लाळेतल्या अमायलेजला आम्ल चालत नाही. दोन वाट्या केल्या. एकीत त्याची लाळ, दुसरीत तेवढंच पाणी. अर्ध्या तासाने आयोडीन घातलं. पाण्याची वाटी निळी झाली, लाळेची तपकिरीच राहिली. बाबा ओसरीवरून उठून बघायला आले. दोन्ही वाट्या उजेडात धरून बघितल्या त्यांनी.

रसायनवाला

शाब्बास! पाण्याची वाटी शेजारी ठेवली, हे मला सगळ्यात आवडलं. म्हणजे सोड्याने रंग गेला असेल, ही शंका उरली नाही.

त्याच्या मूळ प्रश्नाचं उत्तर त्याने स्वतःच जवळपास काढलं. स्टार्च नेहमीचाच आहे. साक्याच्या भागात अमायलेजचं काम कमी चालतं, हे संशोधकांनी मोजलेलं आहे. का कमी? एक मांडणी अशी की उष्णतेने कोय वेळेआधी जागी होते, रुजायची तयारी करू लागते, आणि तिच्याभोवतीच्या गराची पिकण्याची घडी बिघडते. साका नेहमी कोयीला लागून असतो, हे त्याच्याशी जुळतं.

खाडीकाठ

आजीला हे ऐकवायला हवं होतं.

देवगडकरीण

@कलमवाला, त्या गिऱ्हाइकाला ताटलीचा फोटो आणि नवी अर्धी पेटी पाठवली. त्यांचा फोन आला, बाबांशीच बोलले. आता बाबा विचारतायत, गवत कधी घालायचं? आणि साका न येणारी जात असते म्हणतात, ती कुठली?

कलमवाला

पाऊस संपून जमीन वाफशाला आली, म्हणजे चिखल जाऊन बेताची ओल उरली, की भाताचा पेंढा किंवा रानगवत, बुंध्यापासून थोडं सोडून, फांद्यांच्या घेरापर्यंत. वाळवीवर लक्ष ठेवा. जात म्हणजे 'रत्ना', नीलम आणि हापूसचा संकर, वेंगुर्ल्याच्या केंद्रातून आलेला. त्यात साका नसतो. चव हापूसची नाही, हे आधीच सांगतो, पण फळ मोठं आणि गर भरपूर. कलमं दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेत मिळतील, पावसाच्या सुरुवातीला लावा.

देवगडकरीण

बाबा म्हणाले, हापूसची झाडं काढून टाकायची नाहीत, पण दोन रत्ना आणू. विहिरीच्या वरच्या अंगाला जागा बघून ठेवली आहे त्यांनी, तिथे कातळ कमी आहे.